वाडीपर्यंत इंटरनेट आणताना: प्लॅन नंतर, आधी वायरीचा हिशेब

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत एकोणीस उंबरे आहेत. त्यातली अकरा घरं बाराही महिने उघडी, बाकीची गणपतीला आणि शिमग्याला. २०२०च्या टाळेबंदीत आमची पोरं सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जाऊन, एका रानआंब्याच्या सावलीत बसून शाळेचा तास करायची. पाऊस लागला आणि तो तासही बंद पडला. त्यानंतर घरात फायबर येईपर्यंत दोन वर्षं गेली. प्रत्यक्ष काम त्यातलं जेमतेम तीन आठवड्यांचं. उरलेला वेळ कुणाला विचारायचं आणि काय विचारायचं हेच न कळण्यात गेला. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

माझा अनुभव कोकणातला आहे, पण घाटमाथ्यावर, मेळघाटात किंवा मराठवाड्यातल्या तांड्यावर राहणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल. महिन्याचा प्लॅन शहरात आणि गावात जवळपास सारखाच असतो. गावात खिसा रिकामा करते ती मुख्य रस्त्यापासून आपल्या खळ्यापर्यंतची वायर, आणि ती तुटल्यावर जोडायला येणारा माणूस. जो आधी या दोन गोष्टींचा हिशेब लावतो त्याला इंटरनेट परवडतं.

हाताशी काय ठेवायचं

आधार कार्ड आणि दोन फोटो तर लागतातच. खरी अडचण येते पत्त्याच्या पुराव्याची. आपल्याकडे वीजबिल आजोबांच्या नावावर असतं आणि घर चार चुलत्यांच्या. म्हणून ग्रामपंचायतीतून नमुना नंबर ८चा उतारा आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती काढून ठेवा. दोन्ही दुसऱ्याच्या नावावर असतील तर त्यांच्याकडून साध्या कागदावर संमतीपत्र घ्या. ते मुंबईला असतील तर गणपतीत आले की सही घेऊन ठेवा, ऐनवेळी त्या एका सहीसाठी महिना जातो.

साहित्य म्हणाल तर एक वही, लांब मोजपट्टी आणि नकाशाचं अॅप असलेला मोबाइल. वही खरंच हवी. फोनवर कोण काय बोललं ते तारखेसह लिहून ठेवलेलं नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

१. आपल्याला किती लागतं ते ठरवा

विकणारा १०० एमबीपीएस, २०० एमबीपीएस असे आकडे सांगतो. सरकारी व्याख्येत २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात, जानेवारी २०२३पूर्वी तर ५१२ केबीपीएसलाही म्हणायचे. घरात एक मूल ऑनलाइन शिकतंय, एकजण व्हिडिओ कॉलवर आहे आणि तिसरा मोबाइलवर काही बघतोय, इतकंच असेल तर सतत मिळणारे १० ते १५ एमबीपीएस पुरतात. "सतत" हा शब्द मात्र सोडू नका. संध्याकाळी आठला २ एमबीपीएसवर येणाऱ्या १०० एमबीपीएसपेक्षा चोवीस तास टिकणारे ३० बरे.

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट. फाइल उतरताना मोबाइल मेगाबाइट दाखवतो, ते त्याच्या आठव्या भागाइतके दिसतात. ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाइट दिसले तर तुमची फसवणूक झालेली नाही.

२. मोबाइलची रेंज डोळ्यांनी नाही, आकड्याने मोजा

फायबरच्या मागे लागण्याआधी मोबाइलवर भागतंय का ते बघा. एकट्या माणसाला किंवा फक्त यूपीआय, व्हॉट्सअॅप आणि शेतीची माहिती एवढंच लागणाऱ्या घराला तेही पुरतं.

रेंजच्या काड्यांवर विसंबू नका. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंगमध्ये फोनची माहिती, मग सिम स्टेटस उघडलं की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो उणे असतो. उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०० म्हणजे कामचलाऊ, उणे ११५ला कॉलसुद्धा तुटतो. घराच्या चारी कोपऱ्यांत, खळ्यात, माळ्यावर आणि विहिरीपाशी उभे राहून वहीत आकडे लिहा. आमच्या माजघरात उणे ११४ आणि पुढच्या पडवीत उणे ९६ येत होते. मधे होती ती फक्त चिऱ्याची एक भिंत. चिरा आणि पत्र्याचं छप्पर दोन्ही सिग्नल खातात.

मोजमाप सकाळी एकदा आणि रात्री आठ ते दहामध्ये एकदा करा. वेग मोजायला ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, मायस्पीड अॅप आहे. रेंज तीच असून रात्री वेग मरत असेल तर टॉवरवर गर्दी आहे. त्याला तुम्ही घरात काहीही बसवून इलाज नाही.

कुठली कंपनी घ्यायची हे शेजाऱ्याला विचारून ठरवू नका, त्याचं घर वेगळ्या उतारावर आहे. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीत शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरी डोंगराआड पोचत नाहीत. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७०० म्हणजे बँड २८, आणि हा बँड जुन्या बऱ्याच मोबाइलमध्ये नसतो. टॉवर समोर दिसतो आणि मोबाइलवर ४जी येत नाही, याचं कारण पुष्कळदा हेच असतं. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलचे बँड बघून घ्या.

नंबर लगेच पोर्ट करू नका. ज्या कंपनीचा विचार आहे तिचं स्वस्तातलं वेगळं सिम एक महिना वापरा. पोर्ट केल्यावर पटलं नाही तर पुढच्या पोर्टसाठी ९० दिवस थांबावं लागतं.

रेंज पडवीत चांगली आणि घरात मरतुकडी असेल तर सिमवर चालणारा ४जी राउटर बाहेरच्या अँटेनाचा घ्या. अँटेना उंच बांबूवर टॉवरच्या दिशेने बांधायचा आणि राउटर घरात ठेवायचा. इथे दोन सापळे आहेत. एक म्हणजे बाजारात आणि ऑनलाइन मिळणारे सिग्नल बूस्टर. परवानगीशिवाय ते बसवणं बेकायदा आहे आणि त्यांच्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांची रेंज बिघडते. दुसरा, "तुमच्या जागेत टॉवर बसवतो, महिन्याला इतकं भाडं, आधी नोंदणी फी भरा" असा फोन. टॉवरच्या नावाने आगाऊ पैसे मागणारा प्रत्येकजण फसवणारा आहे. ट्राय किंवा दूरसंचार विभाग कुणाला टॉवरसाठी असं प्रमाणपत्र देत नाही. आमच्या शेजारच्या गावात एका निवृत्त गुरुजींचे पैसे यात गेले. लेटरहेडवर अशोकस्तंभ छापलेला होता.

३. फायबर कुठवर आलंय ते स्वतः चालून बघा

ही पायरी घाईने उरकू नका.

ग्रामपंचायत कार्यालयापासून सुरुवात करा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. महाराष्ट्रात तिचा दुसरा टप्पा महानेट नावाने महाआयटी या राज्य सरकारच्या कंपनीने केला. ऑगस्ट २०२३मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. आता तो बीएसएनएलकडे आहे आणि त्यात ग्रामीण घरांना जोडण्या देण्याचंही उद्दिष्ट आहे. म्हणून पंचायतीच्या भिंतीवर लोखंडी पेटी आहे का, तिच्यातल्या यंत्राचे दिवे लागलेले आहेत का, ते बघा. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आणि आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकाला विचारा: "ही लाइन चालू आहे का? शेवटची कधी बंद होती? गावात जोडण्या कोण देतो?" पेटी आहे म्हणजे लाइन चालू आहे असं समजू नका. आमच्याकडे पेटीला कुलूप होतं आणि चावी कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. तुमच्याकडेही तसंच निघालं तर नाउमेद होऊ नका. ग्रामसभेत लेखी प्रश्न मांडा. लेखी प्रश्नाची नोंद इतिवृत्तात होते आणि मग त्यावर उत्तर द्यावं लागतं.

त्यानंतर तीन ठिकाणी चौकशी करा: बीएसएनएलच्या जवळच्या एक्स्चेंजमध्ये, बाजारपेठेतल्या केबलवाल्याकडे, आणि ज्यांच्याकडे फायबर आधीच आलंय अशा प्राथमिक आरोग्य केंद्रात, बँकेच्या शाखेत किंवा हायस्कूलमध्ये. बीएसएनएलची घरगुती फायबर जोडणी बऱ्याच ठिकाणी स्थानिक भागीदारामार्फत मिळते, म्हणजे तिथेही काम करणारा माणूस पुष्कळदा तो केबलवालाच असतो. "नेट मिळेल का?" असं विचारलं तर सगळे "बघतो" म्हणतात. त्याऐवजी असं विचारा: "तुमचा शेवटचा जॉइंट बॉक्स कुठल्या खांबावर आहे?" या प्रश्नाला खरं उत्तर येतं.

उत्तर मिळालं की त्या खांबापासून आपल्या घरापर्यंत चालत जा. नकाशावरचं सरळ अंतर उपयोगाचं नाही. केबल पक्ष्यासारखी उडत येत नाही, ती रस्त्याच्या वळणाने आणि खांबांवरून येते. सरळ अंतर ७०० मीटर दिसत होतं, आम्ही चालून मोजलं तर १,३५० भरलं. चालताना वहीत लिहा: कुठे पऱ्या (ओढा) ओलांडायचा, कुठे कुणाचं कलमांचं बाग, कुठे विजेचे खांब, कुठे नुसता कातळ जिथे खड्डा खणता येत नाही.

फिक्स्ड वायरलेस, म्हणजे छपरावर डबा बसवून ५जीवरून घरात वायफाय देणारी एअरफायबरसारखी सेवा, तुमच्या पत्त्यावर मिळते का हेही याच वेळी तपासा. मिळत असेल आणि टॉवर नजरेत असेल तर वायरीचा सगळा खटाटोप वाचतो. आमच्या दरीत ५जी नाही, म्हणून आम्हाला तो मार्ग बंद होता.

४. एकट्याने मागू नका, वाडीने मागा

मी आधी एकटाच गेलो होतो. एजंट म्हणाला, "एका घरासाठी दीड किलोमीटर केबल टाकायला कोण येणार?" राग आला, पण त्याचं खरं होतं. अकरा घरांची यादी, प्रत्येकाची सही आणि मोबाइल नंबर घेऊन गेलो तेव्हा तोच माणूस दुसऱ्या दिवशी वाडीत आला.

एकत्र जाण्यामागचं तांत्रिक कारण समजून घ्या, ते घासाघीस करताना कामी येतं. फायबरच्या एकाच बारीक तंतूतून येणारा प्रकाश स्प्लिटर नावाच्या लहानशा डबीत अनेक घरांना वाटता येतो. म्हणजे मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंत एकच केबल लागते, वाडीत एक डबी, आणि तिथून प्रत्येक घराला पन्नास-शंभर मीटरची बारीक वायर. अकरा घरांना अकरा केबली लागत नाहीत. प्रकाश दोघांत वाटला की निम्मा होतो, म्हणजे साधारण ३ डीबी कमी. आठांत वाटला की सुमारे साडेदहा डीबी, सोळांत सुमारे चौदा. आम्ही सोळा तोंडांची डबी घ्यायला लावली. मुंबईकरांची घरं पुढेमागे जोडायची म्हणून पाच तोंडं रिकामी ठेवली आहेत. तेव्हा हे सुचलं नसतं तर दोन वर्षांनी पुन्हा सगळा खर्च आला असता.

यादी करताना मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाला धरा. वर्षातून दोनदा येणारा माणूस महिन्याचा प्लॅन घेणार नाही, पण मूळ केबलच्या खर्चात हात लावतो, कारण घरात म्हातारे आई-वडील असतात आणि त्यांना व्हिडिओ कॉल करायचा असतो.

आमच्या बैठकीत तात्यांनी एक प्रश्न विचारला: "वायर आपल्या पैशाची, पण तुटली तर कोणाची?" पुढची पायरी या प्रश्नातूनच आली.

५. सगळा हिशेब कागदावर घ्या

पहिला भाव आला घरटी ₹४,०००, "सगळं धरून". अकरा घरांचे ₹४४,०००. आम्ही एवढंच म्हटलं की फोड करून द्या. फोड आली ती अशी: केबल १,५०० मीटर, मीटरला ₹९ प्रमाणे ₹१३,५००. स्प्लिटर, डबी आणि जोडकाम ₹२,५००. जिथे खांब नाहीत तिथे बारा लोखंडी पाइप, ₹४५० प्रमाणे ₹५,४००. मजुरी ₹६,०००. बेरीज ₹२७,४००, म्हणजे घरटी अडीच हजाराच्या आत. निम्मा भार मंडळाने उचलला. तुमच्याकडे दर वेगळे असतील, पण फोड मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. केबल मोजलेल्या अंतरापेक्षा दहा टक्के जास्त धरणं योग्य आहे, पुढे तुटल्यावर जोडायला ती लागते. त्याहून जास्त मीटर लावले असतील तर विचारा.

पैसे देण्याआधी एका कागदावर या गोष्टी सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या:

केबल कुणाच्या मालकीची. वाडीने पैसे दिले असतील तर वाडीची. ऑपरेटर बदलला तरी ती केबल तुमच्याकडे राहिली पाहिजे.

तुटल्यास किती दिवसांत जोडणार आणि त्याचे पैसे कोण देणार. आमच्या कागदावर असं आहे: तीन दिवस, पावसाळ्यात पाच, जोडकाम फुकट, नवी केबल लागली तर तिचा खर्च वाडीचा.

घरातलं यंत्र, म्हणजे ओएनटी, विकत की अनामत. अनामत असेल तर रक्कम आणि ती परत मिळण्याची अट. विकत असेल तर ते दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर चालेल का. कुलूपबंद यंत्र विकत घेऊ नका.

महिन्याची पूर्ण रक्कम करासह. जाहिरातीत ₹४९९ असतात, १८ टक्के जीएसटी धरून हातातून ₹५८९ जातात. "अमर्याद" लिहिलेल्या बऱ्याच घरगुती प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. ती साध्या घराला कधीच लागत नाही, पण स्वस्त प्लॅनची मर्यादा खूपच कमी असते. ती संपल्यावर वेग किती राहणार, हेही लिहून घ्या. आणि एक वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. सूट मिळते म्हणून आमच्या दोन घरांनी भरले आणि पहिल्याच पावसाळ्यात पाच आठवडे लाइन बंद होती. महिन्याचे ग्राहक पैसे थांबवू शकले, त्या दोघांच्या हातात काही नव्हतं.

६. केबल कुठून न्यायची

हे ऑपरेटरवर सोडू नका. तो सर्वांत जवळचा मार्ग धरतो, कुठला मार्ग टिकणारा आहे ते गावच्या माणसालाच माहीत असतं.

महावितरणच्या खांबांवरून न्यायची तर ऑपरेटरकडे त्यांची लेखी परवानगी आहे का ते विचारा आणि कागद बघा. परवानगी नसेल तर लाइनमन खांबावर चढला की केबल कापून खाली टाकतो, आणि तो त्याच्या जागी बरोबर असतो. खासगी जमिनीतून जाताना सातबाऱ्यावर दहा नावं असतील तरी निदान कसणाऱ्याची आणि एका मुंबईकर वाटेकऱ्याची संमती घ्या. पंचायतीच्या रस्त्यालगत खणायचं किंवा पाइप रोवायचे असतील तर ना हरकत दाखला लागतो. ग्रामसभेचा ठराव सोबत असेल तर तो पटकन मिळतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांकडे लक्ष ठेवून विषय आधी लेखी द्या.

आता शत्रू कोण ते सांगतो. पहिला वणवा. मार्च-एप्रिलमध्ये सुकलेलं गवत पेटलं की खाली लोंबणारी केबल वितळते. राब भाजताना बांधावरून गेलेली केबलही अशीच जाते. आमची पहिली तूट अशीच झाली. दोष कुणाचा नव्हता, भाजावळीचं शेत आम्ही मार्गात धरायलाच नको होतं. गवताच्या माळातून केबल नेणं टाळा. टळत नसेल तर दोन्ही बाजूंचं गवत होळीआधी कापून टाका.

दुसरी माकडं. केबल त्यांना झोक्यासारखी वाटते. दोन खांबांमधलं अंतर जास्त असेल तिथे ती लोंबकळतात आणि जोडातून केबल निसटते. अंतर कमी ठेवा, केबलच्या पोटात पोलादी तार असलेलाच प्रकार मागा, आणि फणसाच्या, आंब्याच्या फांद्यांपासून ती दूर ठेवा.

तिसरा जेसीबी. पाण्याच्या पाइपलाइनसाठी किंवा गटारासाठी रस्त्याकडेला खणतात तेव्हा जमिनीतली केबल सर्वांत आधी तुटते. केबल जिथे जमिनीखाली आहे तिथे दर पंधरा-वीस पावलांवर चिऱ्याचा दगड रोवून त्यावर रंगाने खूण करा आणि सरपंचांना त्याचा हाताने काढलेला नकाशा द्या.

माडाला किंवा काजूला खिळा मारून केबल बांधू नका. वादळात झाड हलतं आणि केबल ताणली जाते. फायबर म्हणजे काच. तिला बांगडीपेक्षा लहान वेटोळं घातलं तर वायर न तुटताही आत प्रकाश गळतो आणि बिघाड कुठे आहे ते दिवसभर सापडत नाही.

काम दिवाळीनंतर, भात घरात आल्यावर काढा आणि मेच्या मध्याआधी संपवा. एकदा पाऊस लागला की जोड कोरडा ठेवणं अवघड होतं.

७. जोडणीच्या दिवशी घरात थांबा

वायर जोडून झाली की तंत्रज्ञाकडे असलेल्या, येणारा प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरचा आकडा (डीबीएममध्ये) विचारा आणि वहीत लिहा. उणे १५ ते उणे २४च्या दरम्यान असेल तर छान. उणे २७ म्हणजे काठावर: आज चालेल, पावसात बंद पडेल. त्याच दिवशी जोड परत करायला सांगा. माझ्याकडे पहिल्यांदा उणे २६ आला होता. जोड पुन्हा केल्यावर उणे २१ आला आणि आजवर तोच आहे. हा आकडा लिहिलेला असेल तर पुढे बिघाड झाल्यावर "आधी किती होता" हे सांगता येतं.

यंत्रावर दोन दिवे ओळखायला घरातल्या सगळ्यांना शिकवा. पीओएन हिरवा स्थिर म्हणजे बाहेरची लाइन ठीक. एलओएस लाल लुकलुकतो म्हणजे प्रकाशच येत नाही, केबल तुटली किंवा निघाली. लाल दिवा नसताना नेट नसेल तर पुष्कळदा रिचार्ज संपलेला असतो, नाहीतर दोष राउटरमध्ये असतो. फोनवर "लाल आहे" किंवा "लाल नाही" एवढं सांगितलं तरी तंत्रज्ञाची एक फेरी वाचते. आमची आई आता हेच सांगते.

यंत्र घराच्या मधोमध, उंचावर ठेवा, फडताळात कोंडू नका. चिऱ्याच्या घरात ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दुसऱ्या खोलीत पोचत नाही, तिथे २.४ वापरा. पासवर्ड तंत्रज्ञाने ठेवलेला असतो तो त्याच दिवशी बदला.

८. वीज

दोन्ही अर्थांनी. लाइट गेली की यंत्र बंद पडतं. त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, तो काही तास चालतो आणि मोठ्या इन्व्हर्टरची गरज पडत नाही. मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडायला लागलं की अॅडॉप्टर बोर्डातून काढून ठेवा. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण केबलमधली पोलादी तार नेते. म्हणून ती तार घराच्या भिंतीवरच्या हुकाला संपवायची आणि आत नुसती बारीक वायर आणायची, हे तंत्रज्ञाकडून करून घ्या.

९. महिन्याचे पाचशे ज्याला जड आहेत त्याच्यासाठी

वाडीत दोन घरं अशी होती. एक जोडणी घेऊन शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणं नियमात बसत नाही, आणि तुमच्या नावावरच्या लाइनवर दुसऱ्याने काही गैर केलं तर पोलीस तुमच्या दारात येतात. नियमातला मार्ग पीएम-वाणीचा, म्हणजे केंद्र सरकारच्या सार्वजनिक वायफाय योजनेचा आहे. ही योजना डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झाली. दुकानदार, बचत गट किंवा सेवा केंद्र "पब्लिक डेटा ऑफिस" होऊन आपल्या वायफायची छोटी कुपनं विकू शकतं. त्यासाठी परवाना लागत नाही, नोंदणी नाही आणि सरकारी फी नाही. लागते ती एक ब्रॉडबँड जोडणी, योजनेत चालणारं वायफाय यंत्र आणि एका अॅग्रिगेटर कंपनीशी करार. कोण कुठलं नेट वापरतंय याची नोंद ती कंपनी ठेवते, म्हणून तुमच्यावरची जोखीम कमी होते. पूर्वी अशा दुकानांकडून महागड्या व्यापारी लाइनचे पैसे मागितले जात. जून २०२५मध्ये ट्रायने बंधन घातलं की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन अशा केंद्रांना घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट दराने द्यायचे. ऑपरेटर माहीत नाही म्हणाला तर हे त्याला सांगा.

पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने टीव्हीच्या न वापरलेल्या लहरींवरून गावांत इंटरनेट पोचवून दाखवलं होतं आणि २०१७मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. पंचायतीलाच भागीदार करायचं, हा त्यांचा आग्रह होता. मला तो मनापासून पटतो. आमच्याकडे बचत गटाच्या तिघी बायका हे केंद्र चालवायचं म्हणतायत, अॅग्रिगेटरशी बोलणी चालू आहेत.

१०. बंद पडल्यावर

आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. स्थानिक तंत्रज्ञाला केलेला फोन म्हणजे तक्रार नव्हे, त्याची कुठेच नोंद राहत नाही. दोघांनाही करा. मुदतीत काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं. त्याला फी नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्रायकडे वैयक्तिक तक्रार पाठवत बसू नका, ते एकेका ग्राहकाचं प्रकरण सोडवत नाहीत. अपिलातही काही झालं नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे नोंदवा, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे.

या सगळ्याला आधार लागतो तो वहीचा. आमची वही स्प्लिटरच्या डबीखाली खिळ्याला टांगलेली आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, दोरीला बांधलेल्या पेनासकट. ज्याला पहिल्यांदा लाल दिवा दिसेल त्याने नोंद करायची. शेवटची नोंद गेल्या मंगळवारची आहे, काकूंच्या अक्षरात: "सकाळी ९.१० लाल. पऱ्यावर फांदी पडली. फोन केला, क्रमांक मागच्या पानावर. दुपारी ३.४०ला सुरू."